सीटखालचा स्विच

प्रिय चिमणे,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनवर हे बोलायला माझी जीभ रेटली नसती, म्हणून लिहायला बसलो.

आमचं जुनं हार्वेस्टर मालकाने मोडीत काढलं. बारा वर्षं मी त्याच्यावर बसलो. नवं आलंय त्याला बंद काचेची केबिन आहे, पात्यांपुढे माणूस आला तर ते आपणहून थांबतं. मालक म्हणतो, तूच शीक. मी अजून त्याच्या पायरीवर पाय ठेवलेला नाही.

जुन्याचे भाग सुटे करताना मेकॅनिकने सीटखालचा स्विच काढला. ड्रायव्हर सीटवरून उठला की पाती बंद व्हावीत, यासाठी तो असतो. त्याने वायरीने एक दिवा जोडून तो अंगठ्याने दाबला, दिवा लागला. सोडला, विझला. मग हसत म्हणाला, "काका, हा तर मूळचाच आहे, आणि ठणठणीत आहे. तुम्ही तेव्हा बिघडला म्हणून सांगितलं होतं ना?"

तुलाही मी तेच सांगितलं होतं. स्विच बिघडला, आणि दाजींनी घाईने, न बघता हात घातला.

आता खरं ऐक. त्याआधीच्या मशीनला असलं काही नव्हतं. काड्या अडकल्या की इंजिन चालू ठेवूनच उतरायचं आणि ओढून काढायच्या, हीच आमची सवय. याची पाती मात्र मी उतरलो की दर वेळी बंद पडायची. मी वैतागलो. एक जड दगड माझ्या जुन्या शर्टात बांधला आणि उतरताना सीटवर ठेवू लागलो. मशीनला वाटायचं, ड्रायव्हर बसलाय. दाजी चेष्टा करायचे, "दादा, तुमच्यापेक्षा हा ड्रायव्हर बरा, उपदेश तरी करत नाही." पण एकदा पात्यात त्यांची बाही अडकून फाटली. त्या संध्याकाळी म्हणाले, "उद्यापासून या साहेबांना घरी बसवा. माझी पोर लहान आहे." मी देवाची शपथ घेऊन हो म्हटलं.

चार दिवस पाळलं. पाचव्या दिवशी आभाळ भरून आलं आणि निम्मं शेत अजून उभं होतं. मी त्यांना न सांगता दगड ठेवला आणि मागची टाकी बघायला उतरलो. काड्या अडकून पाती थांबलेली, मी खाली उभा. दाजींनी आधी माझ्याकडे बघितलं, चिमणे. मी खाली म्हणजे पाती बंद, असं धरून मग वाकले. काड्या सुटल्या तशी पाती फिरली.

लोक पोचायच्या आत मी दगडावरचा शर्ट सोडून दाजींच्या दंडाला आवळला आणि दगड ओढ्यात फेकला. दवाखाना येईपर्यंत ते गेले होते. तो शर्ट तू धुऊन, घडी करून मला परत दिलास. दादाने अंगावरचा शर्ट काढून बांधला, असं अजून सगळ्यांना सांगतेस. मी तो पुन्हा घातला नाही. देवापुढे रोज बसतो, पण मागत काही नाही.

परवा फोनवर मागून तुझा आवाज आला. पोरीला ओरडत होतीस, "बापासारखी घाई करू नकोस, जिवाला मुकशील." रविवारी मी मालकाला सगळं सांगणार आहे. त्याआधी तुला कळावं, म्हणून हे पत्र. माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव. पण आधी पोरीला समोर बसवून सांग, तुझ्या बाबांनी घाई केली नव्हती. त्यांनी बघितलं होतं.

म्हणू देशील तर तुझाच,
दादा