सुब्बांचा तिरका काप

तांबरम, १२ जुलै २००४

ती. जयवंती आत्यास,
क्षमाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला मनसोक्त भांडायचंय, म्हणून पत्र. चार महिने स्फटिकावर क्ष-किरण टाकून आतल्या अणूंच्या थरांमधलं अंतर मोजतेय. किरण आत शिरताना केसभर वाकतात. हिशेबात तेवढी दुरुस्ती केली, तरी आकडा पुस्तकाशी जुळेना! प्रबंध अडकला. दोष सुब्बाचा. आमच्या प्रयोगशाळेत स्फटिक कापतो तो, साठीचा, चष्मा कपाळावर ठेवून. मी लेखी तक्रार ठोकली. येत्या एक तारखेपासून त्याचं कंत्राट बंद. बरं झालं!

गुडघे सांभाळ, लोभ आहेच तो वाढव.

तुझी क्षमा


तंजावर, १७ जुलै

चि. क्षमास अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून आनंद झाला असं लिहिणार नाही, संताप आला. पुस्तक चुकत नाही, बाईसाहेब चुकत नाहीत, उरला सुब्बा! नाचता येईना अंगण वाकडं. शाळेत तीस वर्षं मुलांना शिकवलं, की प्रकाश पाण्यात किती वाकणार हे पाण्याच्या पृष्ठभागाशी त्याचा कोन किती यावर ठरतं. तुझे किरणही स्फटिकाच्या पृष्ठभागावरच वाकत असणार. तू कोन तिथून धरलास की आतल्या थरांपासून? आणि कसं कापायचं ते कुणी लिहून दिलं होतं? आधी ते बघ. साठीच्या माणसाला ‘तो’ म्हणायला कुठे शिकलीस?

रागावले तरी माया कमी नाही.

आत्या


तांबरम, २९ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

चिठ्ठी सापडली. अक्षर माझंच: पृष्ठभाग थरांना सतरा अंशांनी तिरका हवा. सुब्बांनी अगदी तसाच कापलाय. मी दुरुस्ती लावली ती सरळ कापलेल्या स्फटिकाची! तिरक्याची लावली आणि आकडा जुळला.

तक्रार मागे घेते म्हटलं तर आमचे सर म्हणाले, गप्प राहा. चूक लेखी कबूल केलीस तर तुझी सगळी मोजणी पुन्हा तपासतील, सहा महिने जातील, सुब्बाला काय, दुसरीकडे काम मिळेल. आत्या, अशी चीड आली! सर्वांत जास्त स्वतःची, कारण क्षणभर मला ते पटलं होतं. संचालकांना लिहून दिलं. माझे सहा महिने गेले, सुब्बांचं कंत्राट राहिलं.

मग माफी मागायला गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, आता कापलेला स्फटिक दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतल्याशिवाय द्यायचा धीर होत नाही. अठ्ठावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. हे मी केलं, आत्या.

लोभ मागायची लाज वाटते, तरी मागते.

तुझी क्षमा