बारीक सुई

४ जून
ठकीला सांगायचं नाही, असं ठरलं.
ही गेली त्या दिवशी नात माझ्याहून जास्त रडली. दुसऱ्या सकाळी उठून विचारते, "आजी कुठेय?" सांगितलं. तेवढीच रडली, अगदी पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लेक म्हणाली, "बाबा, रोज सकाळी पोरीच्या काळजाला किती घरं पाडायची?"
मग मीच सुचवलं — आजी बहिणीकडे गेलीये म्हणू. ठकीने मान डोलावली आणि बटणं निवडायला बसली. हुश्श झालं.

५ जून
शिवणाचं दुकान उघडलं की ठकीचं पहिलं काम ठरलेलं: दोन सुयांत दोरा ओवायचा. जाड माझी, बारीक आजीची. हिची नजर अधू झाल्यापासून हेच चाललंय. ओवून दोन्ही सुयांच्या उशीत टोचून ठेवते.
आजही ठेवल्या. बारीक सुई दिवसभर तशीच. संध्याकाळी मी तिचा दोरा काढून टाकला. नाहीतर उद्या पोरीने ओवायचं काय?

१९ जुलै
डॉक्टरीणबाईंकडे नेहमीची फेरी. ठकी सोळा वर्षांची झाली तरी सुरुवात तिच्या जन्मापासूनच होते. निळी जन्मली, रडलीच नाही. श्वास मिळायला उशीर झाला. मेंदूत आठवणी धरून ठेवणारा एक इवलासा भाग असतो, तो तेवढ्यात खुरटला. बाकी पोर हुशार. नद्या पाठ, पाढे पाठ. काल काय झालं — कोरं. वाचनालयातून आणून मी यावर मिळेल ते वाचलं. कळलं बरंच, हाती काहीच आलं नाही.
बाईंनी सहज विचारलं, "आजी नाही आली?"
"आजी बहिणीकडे गेलीये." ठकीने पाढा म्हणावा तसं सांगितलं.
बाईंनी तिला बाहेर बसवलं. मी खरं काय ते सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, "आजोबा, प्रसंग तिच्याकडे टिकत नाही. पण रोज कानावर पडलेलं हळूहळू मुरतं. हे मुरलंय."
लेक माझ्याकडे बघत राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

२० जुलै
जवळ बसवून सांगितलं. "बाळा, आजी वारली."
"छे हो आजोबा. बहिणीकडे आहे ती." माझा गाल थोपटला. "विसरायला लागलात तुम्ही."

२ ऑगस्ट
रोज सांगतो. कधी हसते. कधी पटतं, मग रडते, जेवत नाही. सकाळी पुन्हा बहिणीकडे. आधीचं उसवल्याशिवाय नवं शिवता येत नाही, हे मला कळायला हवं होतं. जन्म गेला सुईदोऱ्यात.

११ ऑगस्ट
कोटाचं अस्तर बदलायला आलेल्या बाई ठकीला म्हणाल्या, "आजीची आठवण येते का गं?"
"येईल की आता. बहिणीकडे किती दिवस राहणार?"
बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तोंडात टाचण्या होत्या म्हणून निभावलं.
संध्याकाळी दाराशी उभी होती. म्हणे, "आजोबा, आपण जाऊन घेऊन येऊ या का? तिला एकटीला पिशवी उचलत नाही."
काय सांगू?

१२ ऑगस्ट
दोरा काढला.

२६ ऑगस्ट
लेकीला म्हटलं, मी जाईन तेव्हा तिला पहिल्या दिवसापासून खरं सांग. रडली तरी सांग. लेक म्हणाली, "आणि ती रडताना मी कुठे बघू, बाबा?"
बाह्या टाचत बसलो.

३ सप्टेंबर
उशीत एकच सुई. जाड.
"आजीची नाही ओवलीस?"
"आजी बहिणीकडे आहे ना," ठकी म्हणाली. माझ्याकडे न बघता.
बारीक सुई शोधली. हिच्या चष्म्याच्या डबीत सापडली — ती डबी मी कपाटात पार आत ठेवली होती. काचा पुसलेल्या.
तिला विचारलं नाही. ठाऊक असेल ते तिच्या हातांना. त्यांना बहिणीकडचं कुणी पढवलं नव्हतं.
आज संध्याकाळी काढायला दोरा नव्हता.