वादळ स्टेजवर येणार

१ मार्च, रविवार
गेममध्ये घोषणा झाली. 'ड्रॅगनदरी'चा पहिला लाइव्ह मेळावा, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, प्रदर्शनाच्या मोठ्या हॉलमध्ये. फोटोसाठी पुठ्ठ्याची गुहा, आत माणूस घातलेला चालता ड्रॅगन, गेम बनवणाऱ्यांशी प्रश्नोत्तरं, येणाऱ्या प्रत्येकाला सोन्याची ढाल (मोबाईलमधली). आणि निवडक टीमच्या कॅप्टनांची लढाई, स्टेजवर, मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसेल अशी. आमची टीम निवडली आहे. कॅप्टन मी. गेममधलं नाव वादळ.

अतिशय आनंद झाला. आनंदाने हातपाय गार पडले.

टीममधल्या कोणी कोणाला पाहिलेलं नाही. आमची उपकॅप्टन मुंगी हिने ग्रुपवर लिहिलं की आता दादांचं, म्हणजे माझं, दर्शन होणार. मी लगेच उत्तर दिलं, सगळ्यांत पुढे मीच असेन. लिहून झाल्यावर वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

२ मार्च
माझी ख्याती अशी, की वादळ कधी माघार घेत नाही. सगळे पळाले तरी मी उभा. हा स्वभावाचा भाग आहे. माझ्या मोबाईलची काच एका कोपऱ्यात मेली आहे आणि माघारीचं बटण नेमकं तिथेच येतं, ते दाबलं तरी लागत नाही, हा निव्वळ योगायोग. शिवाय मी ते दाबतो क्वचितच. एका लढाईत चार-पाच वेळा.

५ मार्च
संकल्प. रोज चालणे. आवाज घोगरा करणे. गर्दीची सवय करणे.

चालायला उद्यापासून. आवाज आजच केला, बायकोने गुळण्यांना गरम पाणी दिलं. गर्दीची सवय मात्र कामावरच केली. आमची लॅब कवळ्या बनवते. जेवणाच्या सुट्टीत स्टुलावर उभा राहून टेबलावरच्या कवळ्यांना भाषण दिलं. श्रोते आधीपासूनच दात काढून बसलेले. तरी तिसऱ्या वाक्याला घाम फुटला. तेवढ्यात मालक आले. बल्ब बदलतोय म्हणून सांगितलं. त्यांनी चालू बल्बकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बटण बंद करून गेले.

९ मार्च
आयोजकांचा मेल. स्टेजवर स्वतःचा मोबाईल चालणार नाही. सगळ्यांना त्यांचे नवे कोरे मोबाईल.

पोटात गोळा आला. ॲसिडिटी. बायको म्हणाली, घाबरलात. मी म्हटलं, मी आणि घाबरणार? ती म्हणाली, मग ताट का सरकवलंत? बायकांना ॲसिडिटीतलं काही कळत नाही.

१२ मार्च
बायकोचा सल्ला, काच बदलून घ्या आणि सराव करा. सल्ला तिचा असला तरी आधी मलाच सुचला होता. काच बदलली.

संध्याकाळी लढाईला बसलो. ड्रॅगनने आ वासला आणि माझा अंगठा कुठे गेला ते मलाच कळलं नाही. माघार. पुन्हा बसलो. पुन्हा माघार. तिसऱ्यांदा तर ड्रॅगन यायच्या आधीच. मुंगीने विचारलं, दादा, नेटवर्क गेलं का? मी म्हटलं, गेलं.

नव्या काचा फार हळव्या असतात.

१६ मार्च
उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळून खेळलो. डावा मदतीला धावला.

२० मार्च
पक्की योजना. दाढदुखी. दाढ दुखणाऱ्या माणसाला स्टेजवर कोण चढवणार?

दुसऱ्या कुठल्याही कामावर ही योजना फत्ते झाली असती. आमच्या लॅबमध्ये बोलून गेलो, ही चूक. मालकांनी हातातली कवळी खाली ठेवली आणि आमचं गिऱ्हाईक असलेल्या डॉक्टरांकडे मला स्वतः घेऊन गेले. मी वाटेत सांगत होतो, आता बरं वाटतंय. डॉक्टरांना एक दाढ खरोखरच किडलेली सापडली. काढलीच. शनिवारपर्यंत ठणठणीत व्हाल, असं वर आश्वासन.

२६ मार्च
मुंगीचा निरोप. नवरा गेल्यापासून ती एकटी कुठे गेलेली नाही, गर्दीत छाती धडधडते. पण दादा असणार म्हणून येते आहे.

मी लिहिलं, मी असताना तू अजिबात भिऊ नकोस. कोणीतरी धीर द्यायलाच हवा. मलाही कोणी दिला असता तर चाललं असतं.

२८ मार्च, शनिवार, सकाळ
पूर्ण शांत आहे. राखाडी शर्ट. बटणं दोनदा वर-खाली लागली. बायको सोबत येते म्हणाली. मी नको म्हटलं. आता वाटतं, नको म्हटलं नसतं तर बरं झालं असतं.

२८ मार्च, संध्याकाळ
हॉलमध्ये गेल्यावर आधी परिस्थितीची पाहणी करावी म्हणून खांबामागे उभा राहिलो. पाहणी बराच वेळ चालली. आमची टीम समोरच होती, छातीवर 'वादळाची फौज' छापलेले टी-शर्ट घालून.

तेवढ्यात एक साठीच्या बाई श्वास घ्यायला खांबाशी आल्या. पांढऱ्याफटक. टी-शर्टवर खाली बारीक अक्षरांत 'मुंगी'. आणि ही मला दादा म्हणत होती! मी तिला तू म्हणत होतो! त्यांनी विचारलं, तुमचीही छाती धडधडते का हो? मी हो म्हणालो. त्यांना बरं वाटलं. म्हणाल्या, आमचे कॅप्टन आले की माझी भीती जाईल.

मी सांगणारच होतो. योग्य क्षणाची वाट पाहत होतो. तो क्षण यायच्या आत स्टेजवरून वादळाचा पुकारा झाला. दुसरा झाला. सगळा हॉल 'वादळ, वादळ' ओरडायला लागला. मला भीती वाटली. लिहून टाकतो. कॅप्टन नसेल तर उपकॅप्टनने यावं, असं निवेदक म्हणाला. बाईंनी आपली पर्स माझ्या हातात दिली. जरा धरता का, म्हणाल्या, दादांची लाज राखायला हवी. आणि कठडा धरत धरत चढल्या. पडद्यावर त्यांनी मोबाईल दोन्ही हातांनी घट्ट धरलेला दिसला. पुढचं मी पाहिलं नाही. दार दिसलं, बाहेर पडलो, चालत सुटलो.

घरी बायकोने विचारलं, ही पर्स कोणाची?

३० मार्च, सोमवार
पर्समध्ये गोळ्या, घराची किल्ली, आणि 'दादांसाठी' असं लिहिलेल्या कागदात हाताने विणलेला मफलर. गळ्याला बरोबर बसला. बायको म्हणाली, काढा तो, आणि आजच्या आज परत देऊन या. मी म्हटलं, त्याचीच योजना चालू आहे.

ग्रुपवर सगळं कळलं. मुंगी हरली, पण शेवटपर्यंत उभी राहिली. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. मग पर्स चोरीला गेली. कुलूपवाला मिळेपर्यंत ती स्वतःच्याच दाराबाहेर पायरीवर बसून होती. हॉलच्या कॅमेऱ्यातला चोराचा फोटोही टाकला आहे. राखाडी शर्ट, पर्स छातीशी धरलेली. चेहरा पुसट आहे. भेदरलेला आहे, एवढं कळतं.

मी न आल्याचं कारण आधीच कळवलं होतं, दाढ. सगळे मला विचारत होते, दादा, आता काय करायचं? मी लिहिलं, कोण आहे तो शोधा, मी त्याला सोडणार नाही. ग्रुपवर लाल बदामांचा पाऊस पडला.

मग मुंगीने लिहिलं, जाऊ द्या. दादा तिथे असते, तर त्या माणसाची हिंमतच झाली नसती.

खरं आहे. मी तिथे असतो, तर झाली नसती.