पुढे मी, मागे तू

बुकित बातोक, सिंगापूर
रविवार, दुपार

प्रिय स्मिता,

तू मागितलेलं पत्र हे नव्हे, हे आधीच सांगून टाकते. तुझ्या फोनमधली ती बाई हे तुला वाचून दाखवेल, आणि बँकेत टोकनचे नंबर पुकारावेत तशी एका सुरात वाचेल, हे मला माहीत आहे. म्हणून लक्षात ठेव, यातलं प्रत्येक वाक्य मी ओरडून लिहिलंय. आज सकाळी मी जिंकले, स्मिता! मांड्या भरून आल्यात, तळहातांना फोड आलेत, आणि अभय लिंबाचं सरबत माझ्यासमोर ठेवून आदराने चार पावलं मागे सरकलाय. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचा हा आदर मी पहिल्यांदाच पाहते आहे.

आता पहिल्यापासून सांगते. ऋचा जर्मनीत त्या तळ्याकाठच्या गावी नोकरीला गेली तेव्हा लेकीच्या काळजीने रडायचं सोडून तू आधी नकाशा उघडला होतास. तळ्याचं नाव अमरझे, तू लगेच त्याचा ‘आमरस’ करून टाकलास. आल्प्स सुरू होण्याआधीच्या त्या बुटक्या हिरव्या टेकड्या, त्यांच्यातून तळ्याभोवती फिरणाऱ्या खडीच्या वाटा, आणि अशा वाटांसाठीच बनवलेल्या जाड टायरच्या ग्रॅव्हल बाइक. ऋचा दर रविवारी एक नवी वाट पालथी घालायची आणि तिचा नकाशा तुला पाठवायची. कधी काठाकाठाने लव्हाळ्यांतून जाणारी, कधी गाईंच्या कुरणांतून वर चढणारी, तर कधी थेट मठाच्या टेकडीवर नेणारी. दोघींनी नोकऱ्या सोडल्या की तिथे जायचं, असं तू ठरवलंस आणि मी नेहमीसारखी मान हलवली. मग तुझ्या डोळ्यांच्या पडद्याने दगा दिला. कडेकडेचं दिसेनासं होत होत गेल्या वर्षी उजेड-अंधारापुरतंच उरलं. दिवाळीत फोनवर तू म्हणालीस, “नीता, तू एकटी जाऊन ये आणि तळं कसं दिसतं ते मला सविस्तर लिहून पाठव. मला कोणाच्या गळ्यातलं लोढणं व्हायचं नाहीये.” मी फोन ठेवला आणि पोटभर रडले. मग मला तुझा इतका राग आला की विचारू नकोस.

लोढणं म्हणे! मग मी काय होते गं? नववीपासून कॉलेज संपेपर्यंत मी तुझ्या कॅरिअरवर बसून पुणं पाहिलं. मला सायकल येत नव्हती, शिकायची हिंमत नव्हती, आणि तुला त्याचं कधी काही वाटलं नाही. डबलसीटला तेव्हा पोलीस पकडायचे. म्हणून चौक आला की मी मुकाट्याने उतरायचे, दोन्ही वेण्या पुढे घेऊन, तुझीमाझी ओळखच नाही अशा थाटात पोलीसमामासमोरून चालत जायचे, आणि पलीकडे झाडाखाली तू एक पाय टेकवून हसत उभी असायचीस. मागे बसून मला तुझ्या पाठीपलीकडचं काही दिसायचं नाही. म्हणून तूच ओरडत राहायचीस, “खड्डा! घट्ट धर! म्हैस! चढ आलाय, जड होऊ नकोस!” जड होऊ नकोस म्हणजे नेमकं काय करायचं, हे तू मला आजतागायत सांगितलेलं नाहीस.

इथे सिंगापुरात पन्नाशीला मी सायकल शिकले तीही तुझ्याच टोचणीने, पासिर रिसच्या पार्कात, चिमुरड्या पोरांच्या घोळक्यात. त्यापुढे माझी मजल गेली नव्हती. पण दिवाळीच्या त्या फोननंतर मी हौगांगमधलं एक मंडळ शोधून काढलं. तिथे न दिसणारी आणि दिसणारी माणसं जोडीजोडीने दोन सीटची सायकल चालवतात. दिसणारा पुढे बसतो, हँडल आणि ब्रेक त्याच्या हातात, त्याला कॅप्टन म्हणतात. मी तिथे कशासाठी गेले हे तुला एव्हाना कळलंच असेल. पण ‘नाही’ म्हणायला तोंड उघडू नकोस, आधी पुरतं ऐक.

पहिल्या दिवशी त्यांनी मला हँडलला हातही लावू दिला नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून मागच्या सीटवर बसवलं. माझी पाचावर धारण बसली! रस्ता कुठे वळतोय, समोरून काय येतंय, काही म्हणजे काही कळेना. पुढचा कॅप्टन भला माणूस होता, पण मुलखाचा अबोल. तो जितका वेळ गप्प तितका वेळ मला वाटायचं, आता पडलो. उतरल्यावर पट्टी सोडली आणि मी तिथेच कट्ट्यावर बसून राहिले. तू इतके दिवस अशी बसली आहेस, आणि तुझ्या पुढे बसून ओरडणारं कोणी नाही, एवढंच डोक्यात होतं. फार वाईट वाटलं मला, स्मिता.

मग एकदाचं मला पुढे बसवलं आणि माझ्या मागे बिअट्रिस आली. हौगांगचीच, सत्तरीला टेकलेली, टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली. तिला जन्मापासून दिसत नाही आणि बोलायला ती कोणाच्या बापाला भीत नाही. पहिल्याच खेपेला समोर खड्डा आला आणि घाबरून माझ्या तोंडून तुझाच शब्द बाहेर पडला. बँकेत अख्खा दिवस इंग्रजी झाडते मी, पण जीव घशाशी आला की आपोआप मराठी येतं. “व्हॉट इज खड्डा?” असं ती विचारतेय तोवर आम्ही दोघी त्यातून उधळून पलीकडे गेलो होतो. “ओ, दिस वन खड्डा,” ती म्हणाली. “कॅन, कॅन. यू जस्ट शाउट, लाह!” आता तिला चढ, उतार, वळण, माकड सगळं येतं. माकड हा शब्द तर दर खेपेला लागतो, कारण इथल्या झाडीतल्या वाटांवर ती सहकुटुंब ठाण मांडून बसलेली असतात.

तिला मी तुझं सगळं सांगितलं, लोढण्यासकट. पुढच्या रविवारी एका चढावर आमची सायकल एकाएकी रेंगाळायला लागली. मी जीव तोडून पायडल मारतेय, घामाने डोळे चुरचुरताहेत, आणि आम्ही आपल्या जागच्या जागी! शेवटी पाय टेकला. मागून आवाज आला, “सी? आय नेव्हर पुश. युवर फ्रेंड नॉट लगेज, ओके? शी इज हाफ द एंजिन. यू टेल हर.” दोन सीटच्या सायकलचे पायडल एकाच साखळीला जोडलेले असतात, तर या बयेने नुसते पाय फिरू दिले होते आणि जोर काढून घेतला होता. तिने सांग म्हटलं म्हणून सांगतेय. मागे बसणारी ओझं नसते, तिच्यावाचून घोडं चढावर पेंड खातं.

आज माझी परीक्षा होती. जुन्या रेल्वेमार्गाची आता खडीची वाट झालीय, तिच्यावरून क्रांजीच्या जलाशयापर्यंत जायचं, तसंच परत यायचं, आणि सगळ्यात शेवटी, पायात त्राण उरलेलं नसताना, दगडखाणीजवळचा चढ. चढावर पाय टेकला की कॅप्टन नापास. क्रांजीला आम्ही थांबलो तेव्हा मी बिअट्रिसला सांगायला लागले, पाणी करडं आहे, पलीकडे मलेशियातल्या इमारती निळसर दिसताहेत. तिने मला मध्येच तोडलं. तिला रंग नको होते, काय चाललंय ते हवं होतं. मग मी सांगितलं, एका म्हाताऱ्याच्या गळाला मासा लागलाय, त्याची बायको बादली घेऊन धावतेय, आणि वर एक घार दोघांवर डोळा ठेवून आहे. मासा सुटला तेव्हा बिअट्रिस त्या म्हाताऱ्यापेक्षा जास्त हळहळली.

आणि मग तो चढ. सैल खडी, मागचं चाक सरकतंय, छाती फुटेल की काय असं झालेलं. अर्ध्यावर सायकल डगमगली आणि मला वाटलं, संपलं. तेवढ्यात मागून बिअट्रिस तिच्या त्या हेलात कडाडली, “नीता! जड होऊ नकोस!” हे मी तिला कधीतरी गंमत म्हणून शिकवलं होतं. मला एवढं हसू फुटलं की भीती कुठल्या कुठे पळाली, दोघींनी मिळून काय जोर मारला कोण जाणे, आणि सायकल वर! पाय न टेकता! वर अभय फोन धरून उभा होता. त्या चित्रफितीत आम्ही कमी आणि त्याचा नाचणारा अंगठा जास्त दिसतो, पण चढ पुरा केलेला स्पष्ट दिसतो आणि तेवढ्याचीच गरज होती.

गरज कोणाला, तर तुझ्या लेकीला. आम्ही दोघी दिवाळीपासून तुझ्यामागे कट शिजवतोय. तिने मला बजावलं होतं, “मावशी, आईला मागे बसवायचं असेल तर आधी तो चढ पार करून दाखव, मगच मी इथे काही ठरवते.” आज चित्रफीत पाहिल्यावर तिने पाच मिनिटांत कळवलं की जूनसाठी जाड टायरची, दोन सीटची सायकल तिने ठरवून टाकलीय. मेच्या अखेरीस मी पुण्याला येतेय, तुला घ्यायला. तोवर घरात उभी असलेली ती व्यायामाची सायकल चालव, तिच्यावर टॉवेल वाळत घालणं बंद कर. आणि तळं कसं दिसतं त्याचं तुला हवं असलेलं पत्र मी लिहिणार नाही, ना आत्ता, ना कधी. एवढंच सांगायला आज बसले. तळ्याकाठी काय चाललंय ते मी पुढच्या सीटवरून, तुझ्यासारखीच, घसा बसेपर्यंत ओरडून सांगेन. गाय असेल तर गाय, खड्डा असेल तर खड्डा. मठाचा चढ आला की तू जोर लाव, कारण तुझ्याशिवाय माझ्याने तो चढवणार नाही. आणि ऐक, या वेळी कितीही चौक आले तरी आपल्या दोघींपैकी कोणी उतरायचं नाही.

तुझीच,
आता पुढे बसणारी
नीता