हेझलचे कोंब

प्रिय लेटी,

आईचं हेझलच्या झाडांचं रान यंदा कसं आहे, विचारलंस. सांगतानाही किळस येते.

गेल्या हिवाळ्यात ओढ्याकडची झाडं, नव्या सरळ काठ्या फुटाव्यात म्हणून, मी बुंध्यापर्यंत तोडली. नवे कोंब वसंतात फुटतात, पण पहिली काही वर्षं हरणांच्या तोंडातून वाचले तरच बुंधा जगतो. म्हणून तोडलेल्या फांद्या रचून भोवती डोक्याइतकं उंच कुंपण घातलं. हातांची सालटी निघाली. मे महिन्यात कोंब गुडघ्याला लागले, आणि एका सकाळी पाहते तर सगळे शेंडे कुरतडलेले, जिकडेतिकडे लेंड्या. पुन्हा फुटले, पुन्हा खाल्ले. अर्धे बुंधे आता मेल्यात जमा आहेत.

कुंपणाच्या मागच्या बाजूला कोयत्याने नीट कापलेलं खिंडार सापडलं. आत सडक्या सफरचंदांचा ढीग, त्यावर गांधीलमाश्या. शेजारच्या पेलसाहेबांकडे शहरातले पाहुणे शिकारीला येतात. त्यांना बसल्याजागी हरणं मिळावीत म्हणून कुणीतरी आमिष टाकत होतं. पहाटे दबा धरून बसले, तर पोतं घेऊन आला आपला क्लेम. सख्खा भाऊ!

"बिचारी जनावरं उपाशी मरतायत गं," म्हणाला.

मी त्याला दंडाला धरून ओढ्यावर नेलं. तिथे एक नर पडला होता. पाहुण्याच्या गोळीने जबडा फुटलेला, खाता न आल्याने झिजून मेलेला, अळ्यांनी भरलेला.

"हाही उपाशीच मेला ना रे? जखमी होऊन पळाला तेव्हा याला सोडवायला मागावर का नाही गेलास?"

नाकाला रुमाल लावून म्हणतो कसा, "पाहुणे चहाला खोळंबले होते, हेस्टर."

हरणं मारायला माझी ना नाही. आपणही मारतो, खातो. पण पेलसाहेब याला त्यांच्या टेबलाशी जेवायला बसवतात, जुना कोट याच्या अंगावर टाकतात, तेवढ्यासाठी याने रान आणि जनावर दोन्ही नासवली!

त्याचं सामान मी फाटकाबाहेर ठेवलंय. तो तुझ्याकडेच येईल, त्याच्या आधी हे पत्र पोचावं म्हणून घाईने लिहिते आहे. तो रडेल, त्याला छान रडता येतं. त्याला जेवू घाल, झोपायला जागा दे. फक्त त्याच्यासाठी माझ्याकडे शब्द टाकू नकोस, लेटी. तू मागितलंस तर मला नाही म्हणता येणार नाही, आणि या वेळी मला नाहीच म्हणायचंय.

तुझीच, अजून संतापलेली,
हेस्टर