सोवळ्यातली रमा

श्री. कमलाकांतराव यांस,

"व्याह्यांना वेड लागलं अन् त्यांनी महालक्ष्म्यांचा नैवेद्य उधळला," असे आपण अकोटच्या नातलगांना सांगितलेत. पहिले विधान चूक आहे. नैवेद्य मात्र मीच उधळला.

मी अमरावतीहून अकोल्याला आपल्याकडे प्रसादाला आलो, तेव्हा माझी रमा, आपली सून, सोवळे नेसून सोळा भाज्या शिजवीत होती. मला म्हणाली, "बाबा, तीन दिवसांपासून जबडा अन् पाठ कावून दुखून राह्यली? आज तर घामही थांबत नाही." छातीत कळ नव्हती. आपण हसलात. "उपासाचं पित्त आहे, व्याहीबुवा. बायकांना कुठं हार्ट अटॅक येतो?"

ती शेगडीपाशी कोसळली. मी धावलो, तर आपण आडवे आलात. "शिवू नका! पूजा व्हायची आहे!"

मी पुरणातली पितळी पळी उचलून आपल्या तोंडावर हाणली. आपला दात पुरणात पडला. केदार स्वतःच्या बायकोला उचलण्याऐवजी मला धरू लागला, म्हणून त्यालाही हाणली. मग तिला मीच रिक्षात घातले. डॉक्टर म्हणाले, झटका हृदयाचाच होता. बायकांत तो पुष्कळदा जबडा, पाठ आणि घाम यांतूनच कळतो.

हे पत्र पाठवीत नाही. पाठवले आणि आपले उत्तर आले, तर मी पुन्हा अकोल्याला येईन, आणि तेव्हा हातात पळी नसेल, कोयता असेल.

दुरुस्त तारखा:
दुखणे सुरू झाले: २९ ऑगस्ट. पूजेच्या दिवशी नव्हे.
आपला दात पडला: १ सप्टेंबर.
रमा गेली: १ सप्टेंबर, दुपारी. सुतकाने विसर्जन अडू नये, म्हणून आपण सर्वांना ३ सप्टेंबर कळवलीत.

आता आपला कोणीही नसलेला,
रमाचा बाप