ऋताने विणलेला स्वेटर

सौमित्र,

दाराबाहेरची पिशवी आत घेऊ नकोस. जुने कपडे गोळा करणाऱ्या संस्थेची माणसं ती दुपारी नेणार आहेत. कपडे गरजूंना देतात की विकतात, हे मी फोन करून विचारलं. चांगले त्यांच्या दुकानात विकतात म्हणे.

तुझ्या लॅबमधल्या ऋताने तुला विणून दिलेला स्वेटरही मी त्यात घातला होता. सिंगापुरात लोकर हवी कशाला? मग वाटलं, उद्या एमआरटीच्या गाडीत तो कुणाच्या अंगावर दिसला तर तू वळून बघशील. म्हणून परत काढला. आज ऑफिसच्या एसीत मीच घालणार आहे.

आमटी फ्रिजमध्ये आहे. आणि माप न घेता तिने तो तुझ्या खांद्यांत इतका नेमका कसा बसवला, ते संध्याकाळी सांग.

जाई